नाव 'इटालियन हॉकी लीग', दर्जा दुसरा

प्रश्न : फेब्रुवारीत मिलानो-कोर्तिनाचे हिवाळी ऑलिंपिक टीव्हीवर पाहिल्यापासून नातवाने बर्फावरच्या हॉकीचा ध्यास घेतला आहे. त्याचे म्हणणे, 'इटालियन हॉकी लीग' ही इटलीतली सर्वांत मोठी स्पर्धा. मला मात्र ती दुसऱ्या दर्जाची असल्याचे वाचल्यासारखे आठवते. शिवाय तो ज्या काल्दारो संघाचे गुण गातो, त्याला कुठे कुठे काल्टर्न म्हटलेले दिसते. आमच्यात शिरवळ्यांच्या ताटाची पैज लागली आहे. निकाल द्यावा.
– एक आजोबा, साखळी

उत्तर : आजोबा, शिरवळ्या तुमच्या. इटालियन हॉकी लीग दुसऱ्या दर्जाचीच. काल्दारो आणि काल्टर्न हे एकच गाव, एकच संघ. पण नातवाला फार चिडवू नका. या खेळात मीही एकदा नावावरून तोंडघशी पडलो आहे.

नव्वदच्या दशकात मी पणजीतल्या एका दैनिकात रात्रपाळीला खेळाचे पान लावत असे. एका रात्री टेलिप्रिंटरवर दोन ओळी आल्या : इटलीच्या हॉकीत बोल्झानो विजेता. पानाच्या तळाला चार बोटे जागा रिकामी होती. मी बातमी मराठीत केली आणि जागा भरायला कपाटातला एका हॉकीपटूचा फोटो लावून दिला. अर्धी चड्डी, हिरवेगार मैदान. सकाळी मडगावहून एका वाचकाचा फोन. "बाबा, थंय ही हॉकी बर्फार खेळतात मरे!" संपादक काही बोलले नाहीत, फक्त तो अंक आठवडाभर माझ्या टेबलावर त्या पानावर उघडा राहील अशी व्यवस्था त्यांनी केली. तेव्हापासून या खेळाच्या बातम्या मी नीट वाचू लागलो, आधी धास्तीने आणि मग गोडीने.

आधी दोन नावांचे बघू. काल्दारो ज्या भागात आहे ते दक्षिण तिरोल पहिले महायुद्ध संपेपर्यंत ऑस्ट्रियात होते. १९१९ च्या तहाने ते इटलीला मिळाले. सीमा हलली, पण जर्मन बोलणारी माणसे जागच्या जागी राहिली. म्हणून तिथल्या प्रत्येक गावाला दोन नावे : काल्दारो-काल्टर्न, आप्पियानो-एप्पान, एन्या-नॉयमार्क्ट, मेरानो-मेरान. गार्देना खोऱ्यात तर लादिन ही तिसरी भाषा, त्यामुळे तिथल्या संघाचे नाव गेरदैना. गोव्याच्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. म्हापसा, म्हापशें, मापुसा. बसच्या पाटीवर एक, जुन्या दस्तावर दुसरे, आजीच्या तोंडी तिसरे.

आता लीगचे. या खेळाची इटलीतली पहिली गादी मिलानची. १९२३ साली तिथे 'पालाझ्झो देल गियाच्चो', म्हणजे बर्फाचा महाल, उघडला. १९२४-२५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हॉकी क्लब मिलानो जिंकला. १९३४ ची जागतिक स्पर्धाही मिलानलाच झाली. पुढे खेळाचे बस्तान डोंगरात बसले : कोर्तिना, बोल्झानो, आझियागो, ब्रुनिको. वरची पायरी सेरी ए, हे अक्षर आपल्या फुटबॉलवाल्यांना पाठच आहे. तिच्याखालच्या पायरीचे नाव मात्र कधी सेरी बी, कधी सेरी ए-२ असे फिरत राहिले. दुसऱ्या पायरीवरच्यांना नाव विचारून ठेवतो कोण!

खरी उलथापालथ २०१३ नंतरची. त्या वर्षी इटलीतला सर्वांत बलाढ्य संघ बोल्झानो ऑस्ट्रियाच्या मोठ्या लीगमध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात ती जिंकूनही आला. त्याच सुमारास दक्षिण तिरोलातले काही छोटे संघ ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाच्या 'इंटर-नॅशनल लीग'मध्ये खेळू लागले आणि सेरी ए-२ चा कारभार आटोपला. २०१६ मध्ये सेरी ए आणि ती इंटर-नॅशनल लीग एकत्र करून 'आल्प्स हॉकी लीग' काढली. तीन देशांचे संघ त्यात आले, इटलीचे आठ. आता इटलीचा विजेता ठरवायचा तर त्या लीगमधल्या इटालियन संघांची आपापसात वेगळी छोटी लढत लावावी लागते.

म्हणजे झाले असे, की वरचा मजला शेजाऱ्यांच्या सामाईक वाड्यात गेला आणि निव्वळ इटलीची अशी, हंगामभर घरच्या घरी चालणारी सर्वांत वरची लीग म्हणून सेरी बी तेवढी उरली. २०१७ मध्ये तिला 'इटालियन हॉकी लीग' हे भारदस्त नाव मिळाले. तिच्याखालची सेरी सी झाली 'इटालियन हॉकी लीग, डिव्हिजन वन'. नीट वाचा : डिव्हिजन वन म्हणजे तिसरा दर्जा. नातू तुमचा बिचारा काय करणार!

योगायोग असा की त्याच २०१६ साली आपल्याकडे फुटबॉलमध्ये उलटे घडले. देशाच्या नव्या रचनेत आयएसएल ही लीग वर आणि आय-लीग खाली जाणार म्हटल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग सोडली आणि ते गोव्याच्या लीगपुरते घरी राहिले. तिथे मोठे बाहेर गेले म्हणून घरची लीग खालची ठरली. इथे मोठेच घरी येऊन बसले. त्यावर मी तेव्हा एक अग्रलेखवजा टिपण लिहिले होते. छापले गेले नाही, ते असो.

या खालच्या लीगमध्ये मला सर्वांत आवडणारा संघ काल्दारो नव्हे, अल्लेगे. बेल्लुनो प्रांतातले हे हजार-बाराशे वस्तीचे गाव. ११ जानेवारी १७७१ रोजी पिझ नावाच्या डोंगराचा कडा कोसळला, कोर्देवोले नदी अडली आणि तळे तयार झाले. काही वस्त्या त्याखाली गेल्या. हिवाळ्यात ते तळे गोठायचे आणि पोरे त्यावर हॉकी खेळायची. १९३३ साली क्लब निघाला. आपल्याकडे भात कापून झाले की शेतात बांबूचे गोल रोवून गावागावांतले सामने लागतात ना, तसेच; मैदान ऋतूने द्यायचे आणि ऋतूनेच परत घ्यायचे. गावाच्या डोक्यावर चिवेत्ता नावाचा तीन हजार मीटरांहून उंच डोंगर उभा आहे. चिवेत्ता म्हणजे घुबड, म्हणून खेळाडूंना म्हणतात घुबडे. आपल्याकडे घुबडाच्या नावाने संघ काढला असता तर पहिल्या पराभवानंतर गावाने गाऱ्हाणे घालून नाव बदलायला लावले असते! हे घुबडांचे गाव कित्येक वर्षे सेरी ए मध्ये बोल्झानो-मिलानच्या अंगावर जात होते. विजेतेपद एकदाही मिळाले नाही. पुढे पैशांची ओढाताण झाली आणि संघ खाली आला. गावाच्या स्टेडियममध्ये सगळ्या गावाला बसवले तरी बाके उरतील.

वारेझेची कथा वेगळी. हा संघ १९८७ आणि १९८९ साली चक्क इटलीचा विजेता होता, तोही आता याच दुसऱ्या दर्जात दिसतो. मिलानचे तर विचारूच नका. २००२ ते २००६ सलग पाच विजेतेपदे मिळवणारा मिलानो व्हायपर्स २००८ मध्ये बंद पडला आणि शहराच्या नव्या क्लबाला सेरी ए-२ पासून श्रीगणेशा करावा लागला. त्या बर्फाच्या महालात आता बर्फ नसतो, समारंभ असतात.

ऑलिंपिकचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून सांगतो. १९५६ च्या ऑलिंपिकची हॉकी कोर्तिनात झाली, सोव्हिएत संघ पहिल्यांदाच उतरला आणि सुवर्ण घेऊन गेला. यंदा नावात कोर्तिना असली तरी हॉकी सगळी मिलानला. कोर्तिनाच्या त्या जुन्या बर्फावर कर्लिंग खेळले गेले, ते झाडू मारत दगड सरकवण्याचे. बरेच दिवस आमच्या घरी सगळे तेच बघत होते.

प्रश्न : इटलीने एकदा कॅनडाशी बरोबरी केली होती, असे माझा मित्र सांगतो. फुटबॉलमध्ये म्हणायचे असेल त्याला.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही हो, बर्फावरच. १९८२ ची जागतिक स्पर्धा, फिनलंड. कॅनडाकडून या खेळातला सर्वांत थोर मानला जाणारा वेन ग्रेट्झ्की खेळत होता, तरी सामना ३-३. त्याच स्पर्धेत इटलीने अमेरिकेला ७-५ असे हरवले.

आता त्यातली गोम. त्या इटालियन संघातले बरेच जण कॅनडातच वाढलेले होते. आजा-पणजा इटलीतून कॅनडाला गेलेला, त्या नात्याने नातवाला इटलीकडून खेळता आले. अशांना 'ओरिउंदी' म्हणतात. आजोबाच्या जन्मनोंदीवर लिस्बनचा पासपोर्ट काढलेली दोन-तीन घरे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत, तेव्हा याचा अर्थ मडगावच्या माणसाला मी सांगायला नको. गोलात होता मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेला जिम कोर्सी. हे नाव आजही रोज घेतले जाते : एखादा खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोलाच्या दिशेने किती फटके मारले आणि समोरच्यांनी किती, अडलेले आणि हुकलेले धरून, याचा जो हिशेब ठेवतात त्याला 'कोर्सी' म्हणतात. इटलीच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे गोल राखलेला माणूस अमेरिकेतल्या आकडेबाजांच्या तोंडी असा कायमचा बसला.

अशा ओरिउंदींनी संघ भरले की गावच्या पोरांना बाकावर बसावे लागते, ही कुरकुर तिथे जुनीच आहे. खालच्या लीगमध्ये ती कमी. तिथे बरेच जण दिवसा नोकरी-धंदा करून संध्याकाळी सरावाला येतात.

प्रश्न : बर्फावरच्या हॉकीत चेंडू का नसतो?
– इयत्ता सातवीतली एक वाचिका, पेडणे

उत्तर : चेंडू बर्फावर उसळतो, भरकटतो. म्हणून रबराची जाड चकती वापरतात, तिला 'पक' म्हणतात. रुंदी साडेसात सेंटिमीटरांहून किंचित जास्त, जाडी अडीच सेंटिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅम. तरीही रबर ते रबरच, थोडे उसळणारच. म्हणून सामन्याआधी पक थंड करून कडक करतात.

हे मी करून पाहिले आहे. आमच्या शेजारी एक तारवटी राहतो. बोटीवरून घरी आला तेव्हा इटलीतल्या कुठल्याशा बंदरात घेतलेला पक त्याने मला दिला. मी तो फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या पिशवीशेजारी रात्रभर ठेवला. सकाळी स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर कमरेइतक्या उंचीवरून टाकला. फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी तो माझ्या घोट्यापर्यंत उडाला होता. आता नुसता 'टक्' आवाज करून पडला आणि सरपटत चुलीच्या ओट्याखाली गेला. काठीने बाहेर काढला तेव्हा त्याला थोडा बांगड्याचा वास लागला होता. हिने तो साबणाने धुतला आणि पुन्हा नेहमीच्या जागी, मागच्या खिडकीच्या झडपेखाली अडकवला. पावसाळी वाऱ्यात ती झडप फार आपटते.