माळ्याला काय म्हणाल, फडताळाला काय?

प्रश्न: गुहागरला आमच्या घरी पर्यटक उतरतात, त्यांत फ्रेंचही असतात आणि स्वयंपाकघर तेच वापरतात. मी फ्रेंच शिकते आहे. पण शब्दकोशात 'आवरणे' आणि 'कपाट' यांना दोन-तीन शब्द सापडतात. कोणता कुठे वापरायचा?

उत्तर: वस्तू जागच्या जागी ठेवणं म्हणजे 'रांजे', झाडणं-पुसणं म्हणजे 'नेत्वाये'. 'नेत्वाये' म्हणालात, तर पाहुणे ताटल्या ठेवायचं सोडून फडकं शोधतील. 'रांजे'तला ज 'जहाज'मधलाही नाही आणि 'जीव'मधलाही नाही. 'श' म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढा, तो हा. लिहिताना 'नू रांजों' (आम्ही आवरतो) यात जी नंतरचा ई गाळू नका, नाहीतर वाचणारा 'रांगों' वाचतो.

भिंतीतलं फडताळ ते 'प्लाकार'. शेवटचा डी लिहायचा, म्हणायचा नाही. सुटं, उंच, दारांचं कपाट ते 'आर्म्वार'. आपली अलमारी पोर्तुगीजांकडून आली, ती याचीच चुलत बहीण. दोघींचं मूळ लॅटिन. ठेंगण्या, खणांच्या कपाटाला म्हणतात 'कोमोद'. आपल्याकडे हा शब्द थेट संडासात जाऊन बसला, त्यामुळे 'कोमोद कुठे आहे' असं पाहुण्यांनी विचारलं तर त्यांना कपडे ठेवायचे आहेत असं समजा. त्यातला खण 'तिर्वार', 'तिरे' म्हणजे ओढणे यावरून.

माळा म्हणजे 'ग्रनिए', मूळ अर्थ धान्याचं कोठार. माळ्यावर भात ठेवणाऱ्याला तो लक्षात ठेवायला कष्ट नकोत. 'काव' म्हणजे तळघर. ते आपल्याकडे सहसा नसतं, शब्द सोडून द्या. काचेची बरणी 'बोकाल', अनेक असल्या तर 'बोको'. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला मात्र 'बोकाल' चालणार नाही, ती 'पो आं ग्रे'. डबा 'ब्वात'.

पाहुण्यांना सांगायचं वाक्य: 'रांजे लेझासिएत दां ल प्लाकार, सिल वू प्ले', ताटल्या फडताळात ठेवा. या आज्ञार्थी रूपाचं स्पेलिंग मूळ 'रांजे'हून वेगळं, उच्चार मात्र तोच. 'लेझासिएत' एका दमात म्हणा. 'ले' आणि 'आसिएत' तोडलंत की कानाला खटकतं.

कचऱ्याची बादली 'पुबेल'. पॅरिसमध्ये 1884 साली घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे करणारे प्रिफेक्ट (सरकारी प्रशासक) यूजेन पुबेल, त्यांचंच हे आडनाव. आणि पसारा बघून पाहुणे 'केल बाझार!' म्हणाले, तर ते खरेदीला निघालेले नाहीत. शब्द आपल्या बाजारासारखाच मूळचा फारसी, पण तिथे बोलताना त्याचा अर्थ होतो: काय हा पसारा!