नवरा ऑफिसला नीट जातो, पण घरी आला की नुसता पडून असतो. हा आळस की डिप्रेशन?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार महिने हे असंच चाललंय, सुटीच्या दिवशी तो अंघोळही टाळतो आणि सासूबाई म्हणतात, 'अंग चोरतोय, दुसरं काही नाही.' मी डॉक्टर नाही. पण या आजारातून गेलोय, गोळी अजून चालू आहे, त्यामुळे आतून ते कसं असतं तेवढं सांगू शकतो.

लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे सारखं रडू येणं. मला रडू येतच नव्हतं. कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. भारताची मॅच लावून टीव्हीसमोर बसायचो आणि कुणी स्कोअर विचारला तर सांगता यायचा नाही. पहाटे साडेतीन-चारला टक्क जाग, मग उजाडेपर्यंत जुनी प्रकरणं उकरत पडायचं. सकाळ सगळ्यात वाईट जायची, संध्याकाळी जरा बरं वाटायचं. बऱ्याच जणांचं असंच असतं, आणि नेमकं त्यामुळेच घरच्यांना ते सोंग वाटतं.

अंघोळीचं म्हणाल तर, तुमच्यासाठी ते एक काम आहे. मला गीझर लावणं, टॉवेल शोधणं, कपडे काढणं, बादली भरणं अशी सुटी सुटी कामं दिसायची आणि दुसऱ्याच कामाशी गाडी अडायची. पाणी तापून निवून जायचं, मी आपला बनियन हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसलेला.

मग ऑफिसला कसा जातो? हप्ते आहेत, साहेब आहे, म्हणून जातो. असेल नसेल ती ताकद तिथं चारचौघांत नीट दिसण्यात संपते. 'ऑफिसात बरं जमतं' हा टोमणा फार लागतो, तेवढा टाळा. 'तुला कमी काय आहे?' हेही नको. त्याला हा प्रश्न रोजच पडत असतो, आणि उत्तर सापडत नाही म्हणून तो स्वतःलाच दोष देत असतो.

उदासपणा किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं आणि जोडीला झोप, भूक, लक्ष लागणं, थकवा यांचंही बिनसलं, तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. तुमचे तर चार महिने झालेत. आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ उतरलं असेल तरी माणूस असाच गळून जातो, त्यामुळे ते रक्त तपासून बघतील. मग सायकियाट्रिस्ट. खाजगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ वगैरे त्रास मात्र आधी होतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देणारे पुष्कळ. बरं वाटल्यावरही निदान ६ महिने चालू ठेवायला सांगतात. मनाने बंद करायच्या नाहीत. एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड सुरू होते. समुपदेशनाचाही उपयोग होतो. मला झाला.

घरी काय करता येईल? 'जरा फिरून ये' म्हणण्यापेक्षा त्याची चप्पल पुढ्यात ठेवून 'चल, कोपऱ्यावरून दूध आणू' म्हणा. माझी बायको हेच करायची. ठरवायचं काम तिच्याकडे, मी नुसता मागे चालायचो.

आणि एक गोष्ट घाबरून टाळू नका. 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. त्याच्यासाठी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतं.

ओपीडीत त्याच्यासोबत आत जा. तो 'झोप येत नाही' एवढंच सांगून गप्प बसेल. मला लिहिलंत ते सगळं तिथं तुम्ही सांगा.