खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आवाज येतो, शॉकअप बदलावे लागतील का?

भाऊ, एकदम शॉकअपवर जाऊ नका. बारीक गिट्टीवरही खटखट होत असेल तर आधी लिंक रॉड पाहा, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी कांडी. स्वस्तातला भाग आहे, आणि बरेचदा तोच निघतो.

मग मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅक लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, म्हणजे टोकाचा गोल सांधा, नाहीतर चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडून धरल्यावर हललं तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. गाडी पांदणीतून जात असेल तर या सांध्यांवरचा रबरी बूट (आवरण) फाटलाय का ते बघाच. आपली काळी माती आत शिरली की जॉइंट खलास. बॉल जॉइंट ढिला असेल तर यवतमाळपर्यंतही गाडी चालवत नेऊ नका, निखळला की चाकच आडवं होतं.

शॉकअपवर तेल ओघळलं असेल, किंवा बोनेट दाबून सोडल्यावर गाडी डुलतच राहिली, तर ते बदला. तेही जोडीनं. स्प्रिंग मात्र घरी सोडवू नका, दाबलेली असते.

मिस्त्रीला एक नक्की सांगा: आर्मच्या बुशाचे (आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. नंतर चाकांचं अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून घ्या.