चेहऱ्याला लेप लावलेल्या पाच जणी

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी मला ‘द गो-गोज’ या बँडची ‘ब्यूटी अँड द बीट’ ही रेकॉर्ड मिळाली. मुखपृष्ठावर टॉवेल गुंडाळून चेहऱ्याला पांढरा लेप लावलेल्या पाच तरुणी आहेत. गाणी चटपटीत वाटली, पण हलकीफुलकीच. माझी भाची मात्र हा अल्बम ऐतिहासिक असल्याचे सांगते. त्यात एवढे काय आहे?
— एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : आपल्या भाचीचे म्हणणे बरोबर आहे, आणि गाणी हलकीफुलकी वाटतात, हे आपले निरीक्षणही चुकीचे नाही. जुलै १९८१मध्ये आलेला हा या बँडचा पहिलाच अल्बम. मार्च १९८२मध्ये तो अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत अव्वल स्थानी पोहोचला आणि सहा आठवडे तेथेच राहिला. केवळ स्त्रियांच्या गटाचा अल्बम अव्वल ठरण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९६६मध्ये ‘द सुप्रीम्स’ने तो मान मिळवला होता, परंतु तेथे गायिका पुढे असत, तर गीते रचणारे आणि वाद्ये वाजवणारे प्रामुख्याने पुरुष असत. आपली गाणी स्वतः लिहून वाद्येही स्वतःच वाजवणाऱ्या स्त्रियांचा बँड या स्थानी प्रथम पोहोचला, तो गो-गोजच्या रूपाने. त्या काळी त्या ‘द पोलीस’ या बड्या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर येत असत, आणि यादीत मात्र त्यांच्याही पुढे निघून गेल्या!

हलकेफुलकेपणाचे म्हणाल, तर त्यामागे एक गंमत आहे. हा बँड १९७८मध्ये लॉस एंजेलिसच्या पंक वर्तुळात, म्हणजे वेगवान आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या संगीताच्या वातावरणात जन्मला. निर्माते रिचर्ड गोटेहरर यांनी गाण्यांची गती कमी करून चाली उठावदार केल्या. तयार ध्वनिमुद्रण ऐकून काही सदस्या नाराज झाल्या. आपला पंक बँड पॉप होऊन बसला, असे त्यांना वाटले. मला तरी निर्मात्याचा निर्णय योग्य वाटतो, कारण पंकचा जोम आणि गुणगुणता येईल अशी चाल यांच्या संगमालाच पुढे ‘न्यू वेव्ह’ म्हणून लोकप्रियता मिळाली.

काळही अनुकूल होता. ऑगस्ट १९८१मध्ये गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही ही दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि याच अल्बममधल्या ‘अवर लिप्स आर सील्ड’ या गाण्याची साधीशी चित्रफीत त्यावर वारंवार दिसू लागली. मुखपृष्ठाकडेही पुन्हा पाहावे. रेकॉर्डच्या वेष्टनावर नटूनथटून दिसण्याची अपेक्षा असताना या पाच जणींनी नटण्याची अर्धवट तयारीच समोर ठेवली आहे, आणि मला त्यात खट्याळपणा दिसतो.

आता रेकॉर्ड पुन्हा लावाल तेव्हा ‘वी गॉट द बीट’ची सुरुवात लक्षपूर्वक ऐका. तेथे गायिका बेलिंडा कार्लाइलच्या आवाजाआधी जीना शॉकचे ड्रम येतात.