मासेमारी थांबवली तरी समुद्रातला संपलेला साठा लगेच परत का येत नाही? एक मादी तर लाखो अंडी घालते ना?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. पारोळ्याकडच्या आमच्या गावात माझे चुलते, नाना, आयुष्यभर हेच म्हणत आले. मच्छीमार सोसायटी तेव्हा त्यांच्याच हातात होती.

2009 चा जुलै. पाझर तलावात सोडायला रोहू-कटल्याचं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, आणली होती. मी म्हटलं, आधी शेततळ्यात वाढवू, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी, झाली की सोडू. नाना म्हणाले, "एक मादी लाखभर अंडा दी, तू माले काय शिकाडस?" आणि पिशव्या फोडून सगळं थेट तलावात. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, तेवढाही धीर धरला नाही. मी तांब्याभर जिरं घरी आणून पांढऱ्या पातेल्यात ओतलं. आरपार दिसणारे जीव, नुसते दोन काळे डोळे. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देत होतो तोवर तगली. मग दोन दिवस जळगावला अडकलो. आलो तर सगळी तळाशी पांढरी पडलेली. पुढच्या उन्हाळ्यात तलावात जाळं ओढलं, रोहू निघाले अकरा. नाना म्हणाले, चोरी झाली.

समुद्रात हेच घडतं. पोटाखालचा बलक संपला की पिल्लाला तोंडाशी सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मिळालंच पाहिजे, नाहीतर संपलं. नॉर्वेचा मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट याने हे 1914 सालीच मांडलं होतं. लाखो अंड्यांतून किती जगतात ते त्या काही दिवसांवर ठरतं, म्हणून एखादंच वर्ष भरघोस येतं. नॉर्वेच्या समुद्रातल्या हेरिंग माशाचा साठा 1960 च्या दशकाच्या शेवटी कोसळला. तो सावरला तो मुख्यतः 1983 साली जन्मलेल्या एका पिढीवर. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या मासेमारीवर 1992 ला बंदी आली, ती उठायला 2024 उजाडलं, आणि तेव्हाही साठा पूर्वीसारखा नव्हताच. नुसती बंदी घालून वाट बघणाऱ्यांना हे कळत नाही.

यातलं सगळंच पिल्लांच्या उपासमारीवर ढकलता येत नाही, हेही सांगतो. पाण्याचं तापमान, प्रवाह, पिल्लं खाणारे मासे, हे सगळं असतं, आणि कॉडमध्ये तर मोठे मासेही मरत होते. शिवाय रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वितच नाहीत, त्यामुळे आमचा तलाव म्हणजे समुद्र नव्हे.

तरी मोठ्या, वयस्क माद्या राखा. कॉडमध्ये अशा माद्या अंडी जास्त घालतात, शिवाय जास्त दिवस घालत राहतात, म्हणजे कुठल्यातरी खेपेच्या पिल्लांना अन्नाची वेळ साधते. धरणात विणीच्या दिवसांत पोट फुगलेली मादी जाळ्यात आली तर सोडायची, हे मी नानांना दर पावसाळ्यात सांगतो. ते तीच आधी विकतात, वजन भरतं म्हणून.

नाना, त्या वर्षी चोरी झाली नव्हती.