प्रॉपर्टी साइटवरचा 'फीचर्ड' किंवा 'व्हेरिफाइड' एजंट म्हणजे पैसे भरलेला एजंट का? कोकणात प्लॉट घेताना त्याच्यावर किती भरवसा ठेवावा?

हो, 'फीचर्ड', 'प्रीमियम', 'टॉप एजंट' हे शिक्के बहुतेक वेळा पैसे भरूनच मिळतात. दापोली-गुहागरकडे प्लॉट शोधताना अशा एजंटांना आधी फोन करावा का, असं तुम्ही विचारलंय. मी दापोली तालुक्यात जमिनीची दलाली करतो आणि असं पॅकेज स्वतः घेतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

साइटचा सेल्सवाला फोन करतो. मार्च जवळ आला की त्याचं प्रेम जरा जास्तच उतू जातं. पॅकेजमध्ये इतक्या जाहिराती, त्यातल्या इतक्या वरच्या जागेवर, नावापुढे रंगीत पट्टी आणि महिन्याला अमुक एक 'लीड', म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, असा हिशोब असतो. कोणत्या भागात वर दिसायचं तेही निवडता येतं. पैसे वाढवले की फोटो मोठा होतो. या सगळ्या बोलण्यात जागेचा सातबारा माझ्याकडे आजवर कोणी मागितलेला नाही. 'व्हेरिफाइड'साठी मोबाइलवर ओटीपी आला, पॅन कार्ड दिलं, ऑफिसचा पत्ता दिला की झालं. म्हणजे एजंट हाडामांसाचा आहे एवढं तपासलं गेलं. जमीन त्याच जागी आहे का, मालकाला ती विकायची आहे का आणि विकायला त्याने याच माणसाला सांगितलंय का, हे प्रश्न त्या शिक्क्यात बसतच नाहीत. शहरातल्या फ्लॅटसाठी काही साइट माणूस पाठवून फोटो काढून घेतात, पण आंजर्ल्याच्या डोंगरावर कोण चढणार?

पैसे देऊन जाहिरात करण्यात मला काही गैर वाटत नाही. वर्तमानपत्रातली चौकटही पैसे देऊनच छापली जाते. फरक असा की चौकट बघितल्यावर ती जाहिरात आहे हे कळतं. साइटवर यादी उघडली की क्रम 'रिलेव्हन्स'प्रमाणे, म्हणजे तुमच्या शोधाशी किती जुळतं त्याप्रमाणे, लागलेला असतो, आणि त्या रिलेव्हन्समध्ये एजंटच्या पॅकेजचा वाटा किती हे तुम्हाला कोणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार दिलेत आणि त्यातला एक म्हणजे जाहिरात बाकीच्या मजकुरात मिसळून, ती जाहिरात नाही असं भासवणं. वरच्या यादीवर 'ही जागा पैसे भरून घेतलेली आहे' असं मराठीत ठळक लिहायला कोणाला फार खर्च येईल असं नाही.

माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चौकशीसाठी तुम्ही दाबलेलं बटण कोणाला लागतं. अमेरिकेत झिलो नावाची साइट आहे, तिथे 'प्रीमियर एजंट' नावाची योजना चालते. एजंट भागाच्या झिप कोडनुसार (आपल्या पिनकोडसारखा) पैसे भरतो आणि त्या भागातल्या घरांच्या पानावरून चौकशी करणारा गिऱ्हाईक त्याच्याकडे जातो. घर ज्याच्याकडे विकायला दिलेलं आहे तो एजंट वेगळाच असू शकतो. पण तिकडे एजंटांची घरं एका सामायिक नोंदीत येतात आणि घर कोणी नोंदवलं ते नाव पानावर दाखवावं लागतं, बारीक अक्षरात का होईना. आपल्याकडे अशी सामायिक नोंदच नाही. मालकाने एकाच एजंटला लेखी अधिकार दिलाय, असंही क्वचित होतं. त्यामुळे बटण दाबलं की चौकशी एकाला न जाता चार-पाच जणांना 'लीड' म्हणून विकली जाते. संध्याकाळपर्यंत तुम्हाला जे फोन येतात ते त्यामुळे.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. मालक गिरगावात नाहीतर डोंबिवलीत, सातबाऱ्यावर चुलते-पुतणे-आत्या मिळून पंधरावीस नावं, आणि गावात राहणाऱ्या एका भावाने कोणाला तरी सहज म्हटलेलं असतं, "बघा गिऱ्हाईक असलं तर." एवढ्यावर जागा साइटवर चढते. मग तेच फोटो उचलून दुसरा चढवतो, तिसरा चढवतो. एकच आंब्याची बाग तुम्हाला चार वेगवेगळ्या भावांत दिसेल. मालकाच्या हातात पडायचा तो 'नेट' भाव ठरवायचा आणि वरचे मधल्याने ठेवायचे, ही पद्धत इथे जुनीच आहे. त्यामुळे साइटवरच्या भावात मालकाचे किती आणि मधल्यांचे किती ते पानावरून कळत नाही. फोटो मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्याचा, जागा मात्र घाटरस्त्याने आत कातळावर, हा तर रोजचा प्रकार झालाय. 'बीचपासून 5 मिनिटं' कोणत्या वाहनाने, तेवढं विचारून घ्या.

कायद्याचं सांगायचं तर घरं-प्लॉटच्या प्रकल्पांवर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा 2016 चा आहे, आणि महाराष्ट्रात तो राबवते ती महारेरा. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या एजंटने महारेराकडे नोंदणी केलेली असायलाच हवी, नाहीतर दिवसाला 10,000 रुपये दंड चढत जातो. महाराष्ट्रात आता एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावं लागतं. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या वर, आणि तिचे प्लॉट पाडून विकायचे असतील, तर महारेरा नंबर मिळाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. म्हणजे 'दोन एकरात 20 प्लॉट, बंगलो स्कीम' असं पान दिसलं आणि नंबर नसला, तर एजंटची पट्टी कितीही सोनेरी असो, पुढे वाचू नका. नंबर असला तरी तो महारेराच्या साइटवर टाकून बघा. प्रकल्पाचा नंबर 'पी'ने सुरू होतो आणि एजंटचा 'ए'ने. काही जण एजंटचाच नंबर असा छापतात की गिऱ्हाइकाला वाटावं, प्रकल्पच मंजूर आहे.

पण तुम्ही जे शोधताय त्यातलं बरंचसं रेराच्या बाहेर पडतं. एका मालकाची आहे तशी शेतजमीन दुसऱ्याने विकत घेतली, तर तो रेराचा प्रकल्प होत नाही. तिथे एजंटचा 'ए' नंबर असला तरी त्या जमिनीबद्दल तो काहीच बोलत नाही. आणि नेमक्या याच व्यवहारांत कोकणातले लोक अडकतात. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून शेतजमिनीचा तुकडा विकतात, मोजणी-फोड काहीच नाही, सामायिक सातबाऱ्यावर तुमचं नाव फक्त आणखी एक हिस्सेदार म्हणून चढतं. तुम्ही शेतकरी नसाल तर कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. "शेतकरी असल्याचा दाखला आम्ही करून देतो" म्हणणारा एजंट साइटवर पहिल्या क्रमांकावर असला तरी त्याचा फोन ठेवून द्या. समुद्राला लागून असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, आलेच. ग्रामीण भागात दाट वस्ती नसेल तिथे भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते, आणि साइटवर 'सी टच' हा शब्द फक्त भाव वाढवायला वापरतात.

मग फोन करायचा की नाही? करा. पैसे भरणारा एजंट वाईटच असतो असं अजिबात नाही. धंदा मनापासून करणारेही भरतात, कारण न भरता तिसऱ्या पानावर कोण बघतं. उलट गावातला एखादा जाणता माणूस, ज्याला बांधावरचं प्रत्येक झाड कोणाचं ते तोंडपाठ आहे, तो कोणत्याच साइटवर सापडणार नाही. त्याला शोधायचं तर तलाठी कार्यालयाच्या आसपासच्या चहाच्या टपरीवर बसावं लागतं.

फोनवर पहिलं विचारा: मालकाशी तुमचं थेट बोलणं आहे की मध्ये कोणी आहे? दलाली किती आणि कोणाकडून? जाहिरात चढवली कधी? जागा विकली गेली तरी जाहिरात मुद्दाम ठेवतात, म्हणजे फोन येत राहतो आणि "ती गेली हो, पण दुसरी दाखवतो" म्हणता येतं. जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात एजंटने करू नये, असं रेराच्या कलम 10 मध्ये लिहिलंय. पण ते वाचून कोणी जाहिरात उतरवलेली मी पाहिली नाही.

सर्व्हे किंवा गट नंबर मात्र पहिल्या फोनवर कोणी देणार नाही, मीसुद्धा देत नाही. नंबर मिळाला की लोक सातबारा काढून थेट मालकाला गाठतात आणि आमची मेहनत फुकट जाते. जागा दाखवून झाल्यावर मात्र नंबर मिळालाच पाहिजे. 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, फेरफार बघता येतात, नोंदणी विभागाच्या साइटवर जुने दस्त शोधता येतात. सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती आहे का आणि नसेल तर कुलमुखत्यारपत्र कोणाकडे आहे, हे विचारा. जागेपर्यंतची गाडीवाट कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, तेही विचारा. एवढं हातात येण्याआधी "आज टोकन टाका, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं कोणी म्हणालं, तर ते दुसरं गिऱ्हाईक खुशाल येऊ द्या.