ब्रिटनमध्ये स्टॅटिक कॅराव्हॅनमध्ये (पार्कवर एकाच जागी उभ्या असलेल्या तयार घरात) राहून खर्च खरंच वाचतो का?

वाचतो, पण आधी साइटचं, म्हणजे कॅराव्हॅन जिथे उभी असते त्या पार्कचं, लायसन्स बघा. हॉलिडे पार्कवर कॅराव्हॅन स्वस्तात मिळते, पण तिथे कायमचं राहता येत नाही. घरचा पत्ता दुसरीकडे लागतो, आणि हिवाळ्यात बरेच पार्क काही आठवडे बंदच असतात. रेसिडेन्शियल, म्हणजे कायम राहण्याच्या, पार्कवर १९८३च्या मोबाइल होम्स कायद्याचं संरक्षण असतं. जागेचं भाडं मात्र दोन्हीकडे चुकत नाही.

खरा खिसा कापते ती थंडी. भिंती पातळ, त्यामुळे गॅस पाण्यासारखा जातो. ४७ किलोचा लाल प्रोपेन सिलिंडर घ्या. निळ्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचा शून्याच्या आसपास वायूच होत नाही, मग हीटर ढिम्म! गादीखाली ओल धरून बुरशी येते, म्हणून खाली लाकडी पट्ट्या ठेवा, खिडकीची फटही उघडी असू द्या. थंडीत बाहेरगावी जाताना पाइपांतलं पाणी काढून टाका, नाहीतर गोठून फुटतात.